शिकाऊ परिचारिकेचा एक दिवस

(ज्युबिलीच्या वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील आईबाप व तरुण मंडळी यांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या वर्षांत आपण आपल्या धर्मग्रामाचा हिशेब मांडीत आहोंत. देऊळ कोणीं बांधलें, घंटा कोणीं दिली, शाळेचा पहिला वर्ग कोणाच्या ओटीवर भरला, हें सर्व या सभांतून सांगून झालें आहे. आज चिटणीसांनीं मला जो विषय नेमून दिला आहे, तो या हिशेबाच्या वहींत सहसा लिहिला जात नाहीं. आपल्यांतील कितीतरी घरांतून एखादी तरी मुलगी परिचारिका झालेली आहे. कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, तर कोणी आखाती देशांत. त्यांच्या पगारांतून धाकट्या भावंडांचीं शिक्षणें झालीं, कौलांच्या जागीं स्लॅब पडले, म्हाताऱ्यांचीं औषधें आलीं. परंतु या मुली नेमकें काय काम करितात, हें त्यांच्या आईबापांनाहि पुरतें ठाऊक नसतें.

तें ठाऊक नसल्यामुळें दोन प्रश्न माझ्याकडे वारंवार येतात. पहिला प्रश्न लग्नाच्या बोलण्यांत निघतो : "फादर, मुलगी चांगली आहे, घर चांगलें आहे; पण नर्स आहे. परक्या पुरुषांचीं अंगें पुसावयाचीं, घाण काढावयाची, रात्रीं-बेरात्रीं कामावर जावयाचें. आमच्या घराला तें शोभेल काय?" दुसरा प्रश्न शिकणाऱ्या मुलीचा बाप विचारतो : "फादर, पोर रोज रात्रीं फोनवर रडते. तिला घरीं घेऊन येऊं काय?"

या दोन्ही प्रश्नांना मी उपदेशानें उत्तर देणार नाहीं. त्या कामाचा एक दिवस मी तुमच्यापुढें मांडतों. मग उत्तर तुम्हींच द्यावें.

दुसऱ्या वर्षांत शिकणाऱ्या एका मुलीनें आपला एक दिवस मला तासातासानें सांगितला व तो येथें सांगण्यास परवानगी दिली. तिचें व तिच्या रुग्णालयाचें नांव मी घेणार नाहीं. तिच्या रुग्णांचीं नांवें मीं विचारिलीं नाहींत. विचारिलीं असतीं तरी तिनें सांगितलीं नसतीं. वॉर्डांत जें पाहिलें व ऐकलें तें वॉर्डाबाहेर नेऊं नये, हा तिच्या शिक्षणाचा अगदीं आरंभींचा धडा आहे. आम्हां धर्मगुरूंस पापनिवेदनाच्या बाबतींत जो नियम आहे, त्याचीच ही धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाहीं.

हें शिक्षण म्हणजे चार दिवस पट्ट्या बांधावयास शिकणें नव्हे. बारावीनंतर तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग असा अभ्यासक्रम असतो. शरीररचना, जंतुशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र हे विषय त्यांत येतात, आणि सर्व देशभर शिक्षण एका दर्जाचें असावें म्हणून १९४७ च्या कायद्यान्वयें भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. पुस्तकाबरोबरच विद्यार्थिनीला प्रत्यक्ष वॉर्डांत काम करावें लागतें. आमची ही मुलगी त्या महिन्यांत शस्त्रक्रियेच्या वॉर्डांत होती.

या वॉर्डाचा एक विशेष ध्यानांत घ्यावा. औषधोपचाराच्या वॉर्डांत मनुष्य आजारी येतो व बहुधा हळूहळू बरा होतो. शस्त्रक्रियेच्या वॉर्डांत पुष्कळ माणसें आपल्या पायांनीं चालत येतात आणि दुसऱ्या दिवशीं स्ट्रेचरवरून परत येतात. बरें होण्यापूर्वीं त्यांना अधिक दुबळें व्हावें लागतें. शल्यवैद्य आपलें काम तासा-दोन तासांत संपवितो. त्यानंतरच्या दुबळेपणाच्या काळांत त्या माणसाला कोणी राखावयाचें, हा परिचारिकेचा प्रश्न आहे.

दिवस उजाडतो तो सकाळीं ७ वाजतां. रात्रपाळीच्या परिचारिका जातात व दिवसपाळीच्या येतात. त्या वेळीं जी सोपवणी होते तिला 'हँडओव्हर' म्हणतात. सर्वजणी खाटेखाटेपाशीं उभ्या राहून रुग्ण प्रत्यक्ष पाहतात : शस्त्रक्रियेस किती दिवस झाले, रात्रीं ताप आला काय, लघवी किती झाली, कोणतें औषध द्यावयाचें राहिलें आहे. ही गोष्ट लहान दिसते. परंतु जें या थोड्या मिनिटांत सांगावयाचें राहिलें, तें पुढील सात तास कोणालाच ठाऊक नसतें. आमची मुलगी खिशांतल्या वहींत भराभर लिहून घेत होती, इन्चार्ज सिस्टरनें मध्येंच तिला विचारलें, "आठ नंबरची ड्रिप कोणत्या हाताला आहे?" तिनें वहींत पाहिलें. सिस्टर म्हणाल्या, "वहींत नको, रुग्णाकडे बघ."

मग अंथरुणें. चादर ताणून तिचे कोपरे दुमडून बसविणें हें परीक्षेपुरतें सोंग आहे असें तिला पहिल्या महिन्यांत वाटत असे. आतां तिला कारण ठाऊक आहे. जो मनुष्य आपण होऊन कूस बदलूं शकत नाहीं, त्याच्या पाठीखालीं राहिलेली एक सुरकुती कातडीला रक्ताचा पुरवठा अडविते, आणि त्या जागीं शय्याव्रण होतो. असा व्रण होण्यास कांहीं तास पुरतात. भरून येण्यास महिने लागतात. म्हणून अशा रुग्णाला दर दोन तासांनीं कुशीवर वळवावयाचें, टाचा व माकडहाड पाहावयाचें. त्या दिवशीं तिनें व वॉर्डांतील मावशींनीं मिळून असे चार रुग्ण वळविले.

त्याच वेळीं शस्त्रक्रियेच्या यादींतील पहिल्या रुग्णांची तयारी चालू होती. येथें, बंधुभगिनींनो, मला आपणां सर्वांना उद्देशून थोडें बोलावयाचें आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं सर्वसाधारणपणें ६ तास अन्न व २ तास पाणीसुद्धां देत नाहींत. याचें कारण असें कीं, भूल दिल्यावर घशाची राखण करणारी शक्ति निजते, आणि पोटांतील अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरूं शकतें. त्यानें प्राण जाऊं शकतो. त्या सकाळीं एका बाईच्या सासूनें मायेपोटीं तिला पहाटे चहा व दोन बिस्किटें दिलीं आणि "कोणाला सांगूं नकोस" असें बजाविलें. आमच्या मुलीनें तयारी करितांना साधेपणानें विचारलें, "आज सकाळपासून काय काय घेतलें?" बाईनें खरें सांगितलें. शस्त्रक्रिया पुढें गेली. सासूबाई मुलीवर कडाडल्या : "तूं कालची पोरगी, तुझ्यामुळें आमचा दिवस फुकट गेला!" मुलगी गप्प राहिली. ज्या पोरीनें सुनेचा जीव कदाचित् वांचविला, तिला बक्षीस मिळालें तें हें.

रुग्णाला त्याचें नांव कसें विचारावें, हेंहि शिकवावें लागतें. "तुम्ही अमुकच ना?" असें विचारूं नये, घाबरलेला मनुष्य कशालाहि मान डोलावतो. "तुमचें नांव काय? कशाची शस्त्रक्रिया आहे? कोणत्या बाजूची?" असें विचारावें व मनगटावरील पट्टीशीं ताडून पाहावें. संमतिपत्रावर सही आहे ना, कवळी काढली काय, नखांवरील रंग पुसला काय, कारण बोटाला लावलेलें ऑक्सिजन मोजण्याचें यंत्र त्या रंगानें चुकूं शकतें. अंगावरील सोनें काढून नातेवाइकांच्या हवालीं करावयाचें व वहींत नोंद करावयाची. मंगळसूत्र काढतांना कित्येक बायकांचे डोळे भरतात. गळ्यांतील क्रूस काढतांना आपल्याहि बायकांचे भरतात. येथें घाई करून चालत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठीं एक तपासयादी जगापुढें ठेविली : भूल देण्यापूर्वीं, चीर देण्यापूर्वीं व रुग्ण बाहेर नेण्यापूर्वीं, अशी तीन वेळां थांबून तपासणी करावयाची. मोठमोठ्या शल्यवैद्यांना ती यादी मोठ्यानें वाचावी लागते. मग शिकाऊ मुलीनें तीच गोष्ट दोनदां विचारली तर रागावण्याचें कारण काय?

९ वाजल्यापासून ड्रेसिंगची फेरी सुरू झाली. प्रत्येक जखमेपूर्वीं हात धुणें, जखमेनंतर हात धुणें, रुग्णाच्या खाटेला नुसता हात लागला तरी पुन: धुणें. मुलीनें त्या दिवशीं मोजलें. चाळीसनंतर मोजणें सोडून दिलें. या हात धुण्यामागें मोठा इतिहास आहे. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील प्रसूति-रुग्णालयांत सेमेलवाइस नांवाच्या डॉक्टरानें विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लाविलें, आणि बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें कमी झाले. तरीहि त्या काळच्या पुष्कळ विद्वानांनीं त्याचें म्हणणें मानलें नाहीं. आपल्याच हातांनीं मरण पोंचविलें जातें, हें कबूल करणें कोणाला आवडतें? पुढें १८६७ सालीं जोसेफ लिस्टर यानें कार्बोलिक अम्लानें जखमा निर्जंतुक राखण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली, आणि तेथून शस्त्रक्रियेची भीति कमी होऊं लागली. आज शिकाऊ मुलीच्या तळहातांना भेगा पडतात त्या या ज्ञानाच्या वारशानें.

जखमेवरून काढलेली पट्टी पिवळ्या पिशवींत, सलाईनची नळी लाल पिशवींत, सुया पांढऱ्या डब्यांत, कांच निळ्या खोक्यांत, असा २०१६ च्या नियमांप्रमाणें कचरा वेगळा करावयाचा. एक सुई चुकीच्या पिशवींत गेली तर ती कचरा वाहणाऱ्या गरिबाच्या हातांत शिरते. त्या माणसाला ही मुलगी कधीं पाहणार नाहीं; तरी त्याच्या हातांची काळजी तिनें करावयाची आहे. शेजाऱ्यावर प्रीति करा असें मी देवळांत सांगतों. वॉर्डांत ती चार रंगांच्या पिशव्यांनीं करितात.

त्या फेरींत एक वृद्ध गृहस्थ होते. मधुमेहानें पाय सडला म्हणून तो गुडघ्याखालीं काढावा लागला होता. ड्रेसिंग चालू असतां ते दबक्या आवाजांत म्हणाले, "सिस्टर, हंसूं नका, पण माझ्या त्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटते." मुलगी हंसली नाहीं. पाय गेला तरी मेंदूंतील त्याची जागा लगेच पुसली जात नाहीं, आणि नसलेल्या अवयवांत खाज, कळ, जळजळ खरोखर जाणवते, हें ती शिकली होती. तिनें म्हटलें, "बाबा, हें पुष्कळांना होतें. तुम्हांला वेड लागलेलें नाहीं. मी मोठ्या सिस्टरांना सांगतें, यावरहि औषध देतात." म्हातारा रडूं लागला. आठ दिवस त्यानें ही गोष्ट आपल्या मुलांनासुद्धां सांगितली नव्हती.

आतां मी त्या दिवसाच्या मुख्य गोष्टीकडे येतों.

यादींतील पहिला रुग्ण एक मध्यम वयाचा कष्टकरी मनुष्य होता. आंतड्याची शस्त्रक्रिया होऊन सव्वाअकरा वाजतां तो वॉर्डांत परत आला. अशा रुग्णाची नाडी, रक्तदाब, श्वास व शुद्धि पहिल्या तासांत दर पंधरा मिनिटांनीं पाहावयाची असते. तें काम आमच्या मुलीकडे आलें. शिवाय त्याची सलाईन. अर्धा लिटर सलाईन ४ तासांत द्यावयाची होती. त्या नळींतून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे एकंदर १०,००० थेंब २४० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला सुमारें ४२ थेंब. घड्याळ हातांत धरून ती थेंब मोजीत बसली. शाळेंत गणिताला कंटाळणाऱ्या मुलींनीं हें ऐकून ठेवावें.

रुग्ण आला तेव्हां नाडी ८२ होती, रक्तदाब १२६ व ७८. साडेअकराला नाडी ८४. पावणेबाराला ९०. बारा वाजतां ९८. रक्तदाब मात्र जवळजवळ होता तेवढाच. पोटांतून काढलेल्या नळीच्या बाटलींत कांहींच जमत नव्हतें, म्हणून नातेवाईक समाधानांत होते. रुग्ण म्हणत होता, "तहान लागली आहे, मला नीट वाटत नाहीं, जरा उठवून बसवा." भाऊ त्याला दटावीत होता कीं, "पडून रहा. भुलीमुळें असें होतें." सव्वाबाराला नाडी १०६ झाली. रक्तदाब ११८ व ८४. मुलीनें त्याचा हात हातांत घेतला. तो गार व ओलसर होता. लघवीच्या पिशवींत पाहिलें. तासाभरांत पंधरा मिलिलिटरसुद्धां नीट भरत नव्हती. त्याच्या वजनाच्या माणसाला तासाला निदान तीस तरी हवी.

आतां तुम्ही तिच्या जागीं उभे रहा. वय एकोणीस वर्षें. वॉर्डांत तीस खाटा. स्टाफ सिस्टर एका बाजूला रक्त चढविण्यापूर्वींची तपासणी करीत आहेत. त्यांत मध्येंच बोललें तर रागावतील. सकाळींच एका सासूबाईंनीं सर्वांदेखत झिडकारलें आहे. रक्तदाब तर ठीक आहे. डॉक्टर थिएटरांत दुसऱ्या शस्त्रक्रियेंत आहेत. आपण बोललों आणि कांहींच निघालें नाहीं, तर सगळा वॉर्ड हंसेल. गप्प बसून आणखी पंधरा मिनिटें वाट पाहणें किती सोपें होतें!

परंतु तिला शिकविलेलें आठवलें. शरीरांत रक्तस्राव होऊं लागला कीं, हृदय आधीं जोरानें धांवूं लागतें आणि कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार पडतात. या धडपडीनें शरीर रक्तदाब बराच वेळ सांवरून धरतें. तो ढासळतो तेव्हां पुष्कळ रक्त गेलेलें असतें. म्हणजे रक्तदाब ठीक आहे एवढ्यानें रुग्ण ठीक आहे असें होत नाहीं. नाडीची चढण ही पहिली हांक आहे. आणि नळी कोरडी म्हणून पोट कोरडें, असेंहि नव्हे. नळींत गांठ अडकली तर रक्त आंतच सांचतें.

ती स्टाफ सिस्टरपाशीं गेली. तिनें "मला वाटतें", "कदाचित्" असें कांहीं म्हटलें नाहीं. चार आंकडे सांगितले : नाडी ८२ वरून तासाभरांत १०६, हात गार, लघवी पंधराहून कमी, रुग्ण अस्वस्थ. सिस्टरनीं हातांतलें काम दुसरीच्या स्वाधीन केलें व त्या खाटेपाशीं आल्या. एक नजर, एकदां नाडीवर बोटें, एकदां पोटावर हात. आणि त्यांनीं थिएटरांत फोन लाविला. पुढचीं वीस मिनिटें कशीं गेलीं तें मुलीला नीट सांगतां आलें नाहीं. ऑक्सिजन लाविला, दुसऱ्या हाताला सलाईन सुरू झाली, रक्तपेढीकडे मनुष्य धांवला, आणि एक वाजतां रुग्ण पुन: थिएटरांत गेला. पोटांतील एक रक्तवाहिनी सुटली होती. ती बांधली गेली. रात्रीं तो अतिदक्षता विभागांत शुद्धीवर होता.

शल्यवैद्यांनीं नातेवाइकांना सर्व सांगितलें. नातेवाइकांनीं शल्यवैद्यांचे पाय धरले, आणि तें योग्यच होतें. कोपऱ्यांत चार्ट भरीत उभी असलेली मुलगी त्यांच्या ध्यानींमनींहि नव्हती. पाळी संपतांना इन्चार्ज सिस्टर तिच्याजवळून जातां जातां एवढेंच म्हणाल्या, "वेळेवर सांगितलेंस." तिला तेवढें पुरलें. दोन वाजतां सोपवणी झाली. त्यानंतर तिला आठवलें कीं आपण सकाळपासून पाणीदेखील घेतलेलें नाहीं. तीन वाजतां तास होता. तासाला ती डुलक्या घेऊं लागली म्हणून शिक्षिकेचें बोलणें खाल्लें. आणि रात्रीं फोनवर आईशीं बोलतांना ती रडली.

आतां त्या दोन प्रश्नांकडे वळूं.

पहिला : हें काम आपल्या घराला शोभतें काय? घाण काढावी लागते हें खरें आहे. तें मी लपवीत नाहीं. त्या दिवशीं त्या मुलीनें तीन वेळां बेडपॅन दिलें. एक प्रौढ मनुष्य लाजेनें मान फिरवून होता. तिनें पडदा ओढला, पांघरूण घातलें, काम झाल्यावर भांडें पाहिलें, रंग कसा आहे तें नोंदविलें. त्यांत त्या माणसाची लाज राखली गेली व डॉक्टरांना हवी ती माहितीहि मिळाली. याला हलकें काम म्हणावयाचें, तर आपल्यापैकीं प्रत्येकाच्या आईनें तें काम वर्षानुवर्षें केलें आहे.

शिवाय हा प्रश्न आजचा नव्हे. पुण्याच्या सेवासदनानें रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें स्त्रियांना परिचारिकेचें शिक्षण देण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां पांढरपेशा घरांतील बायकांनीं, त्यांतहि विधवांनीं, असलें काम करावें काय, म्हणून लोकांनीं नाकें मुरडलीं. रमाबाईंनीं तें सोसलें व काम चालूं ठेविलें. त्यापूर्वीं पुण्यांत प्लेगची साथ आली असतां सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करितां करितां स्वत: त्या रोगानें १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. १८५४ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल ज्या ३८ परिचारिकांना घेऊन क्रिमियाच्या युद्धासाठीं स्कुटारीस गेली, त्यांत १० कॅथॉलिक धर्मभगिनी होत्या; आणि १८६० सालीं तिनें लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा काढली, तेव्हां हें काम अडाणी मोलकरणीचें नसून शिकलेल्या स्त्रीचें आहे हें जगास पटूं लागलें.

आपल्या धर्मसभेनें रुग्णांचा व परिचारकांचा आश्रयदाता म्हणून मानलेला संत कामिल्लस हा तर पुरुष होता. १५५० सालीं इटलींत जन्मलेला हा उंच, रागीट, जुगारी शिपाई पायाच्या न भरणाऱ्या जखमेनें रोमच्या संत याकोबाच्या रुग्णालयांत आला. तेथें त्यानें पाहिलें कीं पोटासाठीं ठेविलेले नोकर रोग्यांना कसे वागवितात. पुढें त्याचें जीवन पालटलें, आणि त्यानें रुग्णसेवकांचा संघ काढला; त्या संघाच्या झग्यावर तांबडा क्रूस लावण्याची परवानगी १५८६ सालीं मिळाली. त्याची स्वत:ची जखम जन्मभर भरली नाहीं. म्हणून आईबापांनो, मुलांच्या बाबतींतहि या कामाचा विचार करा. तें बायकांचेंच आहे असें कोठें लिहिलेलें नाहीं.

दुसरा प्रश्न : पोर रडते, तिला घरीं आणावें काय? सुटीला जरूर आणा. तिला पोटभर जेवूं घाला, दहा तास निजूं द्या, पाहुण्यांपुढें चहाचे कप घेऊन नाचवूं नका. मग तिला बोलूं द्या. तिच्या रडण्याचें कारण विचारा. काम जड आहे म्हणून रडत असेल, तर तें रडणें शिकणाऱ्याचें आहे, तें जातें. कोणी छळतो म्हणून, उपाशी राहावें लागतें म्हणून, एकामागून एक रात्रपाळ्या लादल्या जातात म्हणून रडत असेल, तर गप्प बसूं नका; तिच्या विद्यालयाच्या प्राचार्यांना भेटा, आणि जरूर पडली तर मला बरोबर न्या. आणि विचार करूनहि हें काम आपलें नव्हे असें तिला वाटलें, तर परत येण्यांत लाज नाहीं. जबरदस्तीनें धर्मगुरु होऊं नये. जबरदस्तीनें परिचारिकाहि होऊं नये.

एक गोष्ट मात्र आपण सोडूं या. ती म्हणजे फुकटची स्तुति. २२ मार्च २०२० रोजीं सायंकाळीं ५ वाजतां आपण सर्वांनीं दारांत उभे राहून थाळ्या वाजविल्या. त्याच दिवसांत देशांत कित्येक ठिकाणीं परिचारिकांना, तुमच्यामुळें रोग येईल म्हणून, भाड्याच्या खोल्या सोडावयास सांगण्यांत आलें. देवदूत म्हणावयाचें आणि खोली द्यावयाची नाहीं, अशी ही रीत आहे. देवदूतांना पोट नसतें, पाय दुखत नाहींत, पगार लागत नाहीं. परिचारिकेला हें सर्व आहे. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार केंद्र सरकारनें नेमलेल्या समितीनें अशी शिफारस केली कीं, ५० खाटांहून लहान अशा खाजगी रुग्णालयांतहि परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावें. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. म्हणून आपल्यापैकीं जे कोणी रुग्णालयांचे विश्वस्त, देणगीदार अथवा कारभारी आहेत, त्यांनीं इमारतीला संगमरवर बसविण्यापूर्वीं हा आंकडा आपल्या वेतनपत्रकाशीं ताडून पाहावा. आमच्या धर्मसंस्थांनाहि मी यांतून वगळीत नाहीं.

आणि आपण सर्वजण, जे आज ना उद्यां कोणाच्या तरी खाटेपाशीं नातेवाईक म्हणून बसणार आहोंत, त्यांनीं चार गोष्टी पाळाव्या. रुग्णाला विचारल्याशिवाय कांहीं खावयास-प्यावयास देऊं नये. भेटीची वेळ संपली म्हणजे उठावें. आंत येतांना व जातांना हात धुवावे. आणि शिकाऊ मुलगी खाटेपाशीं आली तर तिला तिचें काम करूं द्यावें; ती नाडी मोजीत असेल तेव्हां तिच्याशीं बोलूं नये. कारण मघांशीं सांगितलेल्या त्या माणसाचा जीव ८२ आणि १०६ या दोन आंकड्यांमधल्या चोवीस ठोक्यांवर राहिला होता, आणि ते कोणीतरी नीट मोजावे लागले.

आपल्या धर्मग्रामांतील तीन अनुभवी परिचारिका आज या सभेंत मागच्या बाकावर बसल्या आहेत. त्यांतली एक रात्रपाळी करून सरळ येथें आली आहे. ज्या मुलामुलींना या शिक्षणाविषयीं विचारावयाचें असेल, त्यांनीं सभेनंतर थांबावें. खर्च किती, वसतिगृह कसें, भीति कशी जाते, सर्व विचारा. त्यांचीं उत्तरें माझ्या भाषणापेक्षां अधिक उपयोगाचीं होतील. एवढेंच करा कीं, रात्रपाळीहून आलेल्या बाईंना आधीं चहा घेऊं द्या.